चार नंबरच्या टेबलावरचा पाना

माझ्याकडे शिकायला येणारा प्रत्येक माणूस बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळतो. गेली सहा वर्षं मी हेच बघतोय आणि याच गोष्टीवर रोज घसा फोडतोय. आमच्या भागात माप नुसतं भरून देत नाहीत, शिगोशीग देतात. पायलीभर तांदूळ द्यायचा तर वर ढीग चढला पाहिजे, कडेनं चार दाणे सांडले पाहिजेत, तर देणाऱ्याचा हात मोठा. तोच हात मग विहिरीवरच्या मोटरीचा नट आवळतो, ट्रॅक्टरचा आवळतो, आणि सगळीकडे शेवटी एक जादा झटका देतो. असू दे आपला! मोटरीला ते चालून जातं. गाडीला चालत नाही. बोल्ट जास्त ताणला की तो आतून थकतो आणि कधीतरी भर रस्त्यात तुटतो. हे मी प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी सांगतो आणि दुसऱ्या दिवशी ती तुकडी तो जादा झटका देतेच.

मी भोरचा. पुण्याकडच्या एका कारखान्यात बावीस वर्षं फिटर होतो. गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा नोकरी सोडली. त्याच सुमारास छोटे मालवाहू टेम्पो बनवणाऱ्या एका कंपनीनं नसरापूरजवळ प्रशिक्षणाची शेड उघडली होती, तिथं शिकवायला लागलो. पत्र्याचं छप्पर, सहा टेबलं, प्रत्येक टेबलावर गाडीचा एकेक कापलेला भाग आणि त्याला लागणारी हत्यारं. पुस्तकं नाहीत, फळा नावापुरता. माणसानं उभं राहायचं, हातानं जोडायचं, खोलायचं, परत जोडायचं. कल्पना इतकी चांगली होती की पहिल्या वर्षी मी बायकोला म्हणालो होतो, हे काम आपल्याला आधीच मिळायला हवं होतं.

तेव्हा एका तुकडीला बारा दिवस मिळायचे. मग कारखान्यात माणसं कमी पडायला लागली आणि बाराचे सहा झाले. त्यातला एक दिवस सुरक्षेचे व्हिडिओ बघण्यात जातो, एक अधिकाऱ्यांच्या भाषणात. उरले चार, परीक्षा धरून. चार दिवसांत माणसाला भाकरी धड थापता येत नाही आणि इथं त्याला गाडी जोडायला शिकवायची. वर माझ्या हातात टॅबलेट दिला. पूर्वी मी प्रत्येकाबद्दल वहीत लिहायचो, याचा हात जड आहे, हिची नजर चांगली आहे, असं. एचआरचे साहेब म्हणाले, "सर, तुमचं अक्षर कोण वाचणार?" आता टॅबलेटवर प्रश्न येतो आणि खाली दोन चौकोन असतात, हो आणि नाही. माझं बावीस वर्षांचं फिटरपण त्या दोन चौकोनांत बसवलं. मी कुरकुरलो आणि बोट दाबायला लागलो.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न टॉर्क पान्याचा. हा पाना साधा नसतो. त्याच्या मुठीवर आकडा लावायचा, तेवढा ताण बोल्टला मिळाला की पाना 'टक' असा वाजतो. वाजला की थांबायचं. मग बोल्टवर पिवळ्या पेनानं रेघ मारायची. ही रेघ म्हणजे तुमची सही, असं मी सांगतो. पुढचा माणूस रेघ बघून पुढं जातो, परत तपासत बसत नाही. टॅबलेटवर प्रश्न असतो, वाजल्यावर थांबला का? तीन वेळा करून दाखवायचं, त्यात दोनदा 'नाही' आलं की नापास.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या तुकडीत बारा जण होते, त्यात चार बायका. मी जिच्याबद्दल सांगतोय ती त्यांतली एक, विंझरच्या पुढच्या एका वाडीतली सून. ओळख करून देताना बाकीच्यांनी नाव, गाव, शिक्षण सांगितलं. ती म्हणाली, "सर, माझी ही शेवटची तुकडी हाय. पुढल्या महिन्यात मला सव्वीस पुरी व्हत्यात. मंग कंपनी घेत न्हाई." आधी दोनदा तिचा अर्ज मंजूर झाला होता. पण एकदा सासू आजारी पडली आणि एकदा परीक्षेच्या दिवशी एसटी आलीच नाही.

"मग नीट लक्ष द्या, ताई," मी म्हणालो. यापेक्षा बरं काही बोलता आलं असतं.

तिचं लक्ष होतंच. हात तर फारच चांगला. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या टेबलावर तिनं पाना असा धरला की मला मनगट दुरुस्त करावं लागलं नाही. वाजला की थांबायची, रेघ मारायची. मी मनात म्हटलं, चला, एक तरी माणूस शीग न लावणारा भेटला. मग ती चार नंबरच्या टेबलावर गेली. तिथं मागच्या चाकाजवळचा जाड बोल्ट असतो. पाना वाजला. ती थांबली, बोल्टकडे बघितलं आणि वर आणखी एक ओढ दिली.

"ताई, हा तांदूळ नाही," मी शेडभर ऐकू जाईल असं म्हणालो. "शीग लावू नका."

सगळे हसले. हा माझा ठरलेला विनोद आहे, प्रत्येक तुकडीत एकदा तरी वापरतो आणि प्रत्येक वेळी हशा मिळतो. ती हसली नाही.

"वाजला व्हय सर, पर बोल्ट बसला न्हाई. हाताला ढिला लागतोय."

"हाताला काय लागतं ते विचारलं नाही. पाना काय सांगतो ते ऐकायचं."

दुसऱ्या दिवशी परत तेच. पहिल्या तीन टेबलांवर सरळ आणि चारवर जादा ओढ. खरं तर इथंच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. सवयच असती तर ती सगळ्या टेबलांवर दिसली असती. पण माझ्याकडे शिगोशीगची व्याख्या तयार होती, ती मला फार आवडायची, आणि आवडती व्याख्या हाताशी असली की माणूस डोळे उघडायचे कष्ट घेत नाही.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याकडे आली. "सर, तुमी एकदा त्यो बोल्ट बघता का? सादा पाना लावून बगा."

त्या वेळी टॅबलेट अडकला होता. सकाळपासूनच्या नोंदी दिसत नव्हत्या आणि मी त्याच्यावर बोटं आपटत होतो. "नंतर बघतो," मी म्हणालो. ते नंतर काही आलं नाही. ती पुन्हा विचारायला आली नाही, आणि मलाही आठवण झाली नाही. झाली असती तरी गेलो असतो का, ते सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी लबाड ठरेन. प्रत्येक टॉर्क पान्याच्या मुठीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. पाना खरा वाजतो की नाही हे बाहेरचा माणूस मशिन आणून तपासतो आणि पुढच्या तपासणीची तारीख त्या चिठ्ठीवर लिहितो. आमच्या सगळ्या पान्यांची तारीख दोन महिन्यांपूर्वीच उलटली होती. मी स्टोअरला दोनदा मेल केला होता. उत्तर आलं, 'शेडमधले पाने आहेत, लाइनवरचे नाहीत. यानं आवळलेली गाडी कुठं रस्त्यावर जाणार आहे?' मी चिडलो, घरी बायकोपुढं बडबडलो, आणि दुसऱ्या दिवशी तेच पाने टेबलांवर मांडले. पाने काढून घेतले असते तर टेबलं बंद पडली असती आणि सहा दिवसांची तुकडी आठ दिवसांवर गेली असती. मग मला कोण बोललं असतं ते माहीत होतं.

सहाव्या दिवशी परीक्षा. एचआरचे साहेब खुर्ची टाकून बसले होते. तिचा नंबर चार नंबरच्या टेबलावर लागला. चिठ्ठी टाकून टेबल ठरतं, त्यात कुणाचा दोष नाही. पहिली खेप. पाना वाजला. ती थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि मग ती ओढ दिली. मी 'नाही' दाबलं. दुसऱ्या खेपेला वाजल्यावर थांबली. पण रेघ मारायला पेन हातात घेऊन तशीच उभी राहिली, शेवटी मीच "मारा" म्हणालो तेव्हा मारली. तिसरी खेप. वाजला. मी मनातल्या मनात म्हणत होतो, थांब, बाई, थांब. तिनं पाना परत लावला आणि ओढला.

"तुला कळत कसं नाही?" मी ओरडलो. लग्न झालेल्या बाईला मी शेडमध्ये कधी अरेतुरे करत नाही, त्या दिवशी केलं.

"सर, बोल्ट ढिला हाय. ढिल्या बोल्टावर रेघ मारू कशी? रेघ म्हंजी सही, तुमीच सांगितलंय. मगाशी मारली ती तुमी म्हनला म्हनून. पाना खोटा वाजतोय."

साहेब हसले. मला त्या हसण्याची लाज वाटली, आणि तो राग मी तिच्यावर काढला. "नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणालो आणि दुसऱ्यांदा 'नाही' दाबलं. टॅबलेटवर लाल अक्षरं आली. तिनं पाना टेबलावर ठेवला, पेनाला टोपण लावलं, हातमोजे काढून घडी घातली आणि ट्रेमध्ये ठेवले. मग पिशवी घेऊन नसरापूरच्या स्टँडकडे चालत गेली. बाकीचे अकरा जण पास झाले. त्यांना पेढे वाटले, त्यातला एक मीही खाल्ला.

दिवाळी झाल्यावर तपासणीवाला आला. पेटीतून त्यानं छोटं मशिन काढलं आणि एकेक पाना त्यावर लावत गेला. एक नंबर ठीक. दोन, तीन ठीक. चार नंबरचा पाना लावला, ओढला आणि त्यानं भुवया वर केल्या. परत ओढला. मुठीवर आकडा नव्वदचा होता आणि पाना साठाच्या घरातच वाजत होता.

"रोज काम झालं की आकडा खाली आणून ठेवता ना?" त्यानं विचारलं.

मला हे विचारायचं! आकडा वरच राहिला तर आतली स्प्रिंग ताणात राहते, दमते आणि पाना लवकर वाजायला लागतो. हे मी प्रत्येक तुकडीला शिकवतो, वर दम देतो. पण चार नंबरच्या टेबलावर रोज सकाळी पोरं नव्वदचा आकडा लावताना गोंधळ घालायची, पंधरा मिनिटं जायची. सहा दिवसांत पंधरा मिनिटं कुठून आणायची? म्हणून कित्येक महिने मी तो पाना नव्वदवरच ठेवत होतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी स्टोअरवर चिडत होतो, साहेबांवर चिडत होतो, आणि पाना बिघडवला होता मीच.

परीक्षेतल्या शेवटच्या माणसाचा बोल्ट त्या टेबलावर अजून तसाच होता, पिवळी रेघ मारलेला. मी साधा पाना घेतला आणि लावला. एका हाताच्या ओढीनं बोल्ट सहज पुढं फिरला. तो बोल्ट आवळणाऱ्याला मी 'हो' दिलं होतं. अंगण खरंच वाकडं होतं आणि बारा जणांत ते एकटीला कळलं होतं. मी तिथंच स्टुलावर बसलो. तपासणीवाल्यानं पाणी आणून दिलं.

मी साहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं, माझी चूकही सांगितली. ते म्हणाले, "सर, निकाल सिस्टममध्ये लॉक झालाय."

"मग उघडा."

"उघडला तरी वय कुठं नेऊ? नऊ दिवसांपूर्वी सव्वीस पूर्ण झाली त्यांची. सिस्टम नावच घेणार नाही." मग ते खुर्चीत पुढं सरकून समजुतीनं म्हणाले, "एवढं मनाला लावून घेऊ नका हो. आपण चार नंबरला नवीन पाना मागवू." दोनदा मेल करून जे झालं नव्हतं ते दोन दिवसांत झालं. करकरीत नवा पाना आला. तो बघून मला इतका संताप आला की मी तो खोक्यातच ठेवून दिला.

तिचा मोबाईल नंबर फॉर्मवर होता. मी दोनदा लावला आणि वाजायच्या आत बंद केला. शेवटी एका रविवारी कागद घेतला आणि लिहिलं, 'चार नंबरच्या टेबलावरील टॉर्क पाना तपासणीत सदोष आढळला. त्यामुळे सदर प्रशिक्षणार्थीचा निकाल चुकीचा लागला. त्यांचे काम योग्य होते.' खाली सही केली. शिक्का मारता येणार नव्हता, शिक्का साहेबांच्या कपाटात. भोरहून एसटीनं आणि पुढं माणसं कोंबून नेणाऱ्या वडाप जीपनं विंझरला उतरलो, तिथून वाडीपर्यंत चालत गेलो.

घरापुढंच पिठाची गिरणी होती. सासरे जोखून दळण टाकत होते, चालत्या गिरणीचा आवाज कानात बसत होता. ती शेजारच्या पडवीत दुसरी, बंद असलेली गिरणी उघडून बसली होती, मिरची-हळदीची. हातात साधा पाना. मला बघून उठली, पदराला हात पुसले. सासूनं खुर्ची आणून दिली आणि आत चहा ठेवायला गेली.

"हे तुम्ही करता?" मी विचारलं.

"समदं मीच बघते. दगड झिजून गुळगुळीत झाला की टाकी लावायची, पट्टा ताणायचा. पट्टा जास्त ताणला तर बेरिंग जातंय, ढिला ठिवला तर घसरतोय. हाताला कळाय लागतंय हळूहळू." तिनं हे सहज सांगितलं, मला टोमणा मारायचा तिचा विचार दिसला नाही. मला मात्र तो बसला. माझ्या विनोदाला शेडभर पोरं हसली होती तेव्हा ती का हसली नाही ते आत्ता कळलं. जास्त आवळल्यानं काय होतं ते तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

मी तिला सगळं सांगितलं. नव्वद आणि साठ सांगितले, स्प्रिंगचं सांगितलं, मीच आकडा वर ठेवत होतो तेही सांगितलं. ती ऐकत होती.

"मंग पुढल्या तुकडीत?" तिनं शेवटी विचारलं.

"वयाचं..." मी म्हणालो आणि अडलो.

"ते मला ठाव हाय. म्याच तुमाला सांगितलं व्हतं पयल्या दिवशी."

मी खिशातून कागद काढून दिला. म्हणालो, नोकरी मिळवून देता आली नाही, पण निदान हे राहू दे. तिनं दारातल्या उजेडात धरून तो वाचला. सावकाश वाचला, दोनदा. मग माझ्यासमोर धरला.

"सर, ह्यात पाना खराब व्हता एवढंच हाय."

"हो. आणि तुमचं काम बरोबर होतं, तेही आहे."

"पर म्या तुमाला सांगितलं व्हतं ते कुठं हाय? तीनदा सांगितलं. तुमी बगा, म्हनलं म्या. तुमी हात लावला न्हाई." तिचा आवाज चढला नाही. "घरात समदी म्हनत्यात, शिकवलेलं हिच्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई म्हनून काढली. आता पाना खराब व्हता म्हनलं, तर म्हनतील नशीब खराब. माझं नशीब न्हाई खराब, सर. मला कळलं व्हतं. तुमी ऐकलं न्हाई."

मी म्हणू शकलो असतो की सहाच दिवस होते, टॅबलेट अडकला होता, साहेब बसले होते. सगळं खरं होतं आणि त्यातलं काही खरं कारण नव्हतं. तिला काय कळतंय, असं मला वाटलं होतं. एवढंच कारण होतं. बावीस वर्षं फिटर असलेला माणूस चार पावलं चालून एका बोल्टला हात लावायला गेला नाही, कारण सांगणारी वाडीतली सून होती. मी तिला तसंच सांगितलं.

"मंग ते लिवा," ती म्हणाली.

मी कागद मांडीवर घेतला. 'यांनी मला तीन वेळा सांगितले की बोल्ट ढिला आहे व पाना खोटा वाजतो. ते खरे होते. मी हात लावून बघितला नाही. यांना कळत नसेल असे मला वाटले.' खिशात पेन होतं ते पिवळ्या रेघेचं, म्हणून तिच्याकडून निळं मागून घेतलं. लिहायला वेळ लागला. तिनं कागद परत घेतला, नवीन ओळी वाचल्या आणि मान हलवली. मग सासूला चुलीपासून बाहेर बोलावलं, सासऱ्यांना खूण करून गिरणी बंद करायला लावली. पट्टा थांबेपर्यंत ती वाट बघत उभी राहिली. सगळं शांत झालं तेव्हा तिनं कागद पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचला, आणि मी त्या खुर्चीत बसून तो शेवटपर्यंत ऐकला.